एका तबकडीचे दोन आवाज

मित्रांनो, मी एक जुनी तबकडी आहे, आणि आधीच सांगून ठेवते, माझा कोणावर चटकन विश्वास बसत नाही. तुमच्यावरही नाही. तुम्ही माझी गोष्ट ऐकायला बसलात हे चांगलंच आहे, पण बोटं चिकट असतील तर जरा लांब बसा. आमरसाचं एक बोट अंगाला लागलं की काय होतं, ते मी भोगलेलं आहे.

तबकडी म्हणजे काय, हे तुमच्यातल्या बऱ्याच जणांना ठाऊक नसेल. मोबाइल यायच्या कितीतरी आधी गाणी आमच्या पोटात राहत असत. आम्ही काळ्या, गोल आणि चपट्या. अंगावर केसाहून बारीक अशी एकच लांब खाच, कडेपासून मधल्या कागदापर्यंत गोल गोल फिरत गेलेली. यंत्रावर आम्हाला फिरवायचं आणि खाचेत सुई टेकवायची, की सुई थरथरते आणि गाणं बाहेर पडतं. आमच्यात ताटाएवढ्या मोठ्या असतात आणि माझ्यासारख्या बशीएवढ्या छोट्याही असतात. मोठ्या तबकड्या सावकाश फिरतात, मिनिटाला तेहतीस फेरे. छोट्या भराभर फिरतात, मिनिटाला पंचेचाळीस. निदान जगाचा तसा समज आहे. माझं सगळं दुखणं या समजापासूनच सुरू झालं.

माझा जन्म मुंबईच्या एका छोट्याशा कारखान्यात झाला. गरम काळा गोळा दोन लोखंडी साच्यांमध्ये ठेवला, वरून दाब दिला, आणि मी तयार झाले. पण माझ्या पोटातला आवाज मुंबईचा नव्हता. तो होता दोंडाईच्याजवळच्या एका गावातल्या वच्छलाबाईचा. घरची कपाशीची शेती. दिवसभर निंदणी-खुरपणी, आणि आखाजी, म्हणजे आमच्याकडची अक्षय्य तृतीया, आली की गळ्याला सुटी नाही. आखाजीला सासरी गेलेल्या लेकी माहेरी येतात, निंबाच्या फांद्यांना झोके बांधले जातात, आणि झोक्यावर गाणी म्हणायची असतात. वच्छलाबाईचा आवाज वेगळाच होता. भारी, खालचा, भरलेल्या घागरीसारखा. ती घाईने गात नसे. झोका पुढे गेला की ओळ पुढे जाई आणि झोका मागे आला की ओळही मागे येई.

धुळ्याच्या एका तबकडीविक्याने तिचं गाणं ऐकलं आणि खटपट करून तिला नवऱ्यासोबत मुंबईला नेलं. तिथे तिने चार गाणी म्हटली. गाणी लांबलचक. बशीएवढ्या तबकडीत ती मावेनात. मग कंपनीने युक्ती केली. मला मोठ्या तबकडीच्या चालीवर कापलं, म्हणजे सावकाश फिरून जास्त गाणं मावेल. माझ्या पोटावरच्या कागदावर गायिकेचं नाव छापलं आणि त्याखाली बारीक आकड्यात छापलं, तेहतीस.

एवढ्या बारीक आकड्यावर कोणाचा भरवसा ठेवू नये. मी तेव्हा नवीन होते, मला कळलं नाही.

धुळ्याच्या दुकानातून मला हाशमने विकत घेतलं. हाशम दोंडाईच्याचा मंडपवाला. लग्न असो, बारसं असो की जत्रा, सायकलला पेटी बांधून निघायचा, झाडावर भोंगा चढवायचा आणि गाणी लावायचा. माणूस भला होता, हे मला मान्य आहे. पण त्याची एक रीत होती. मंडपात उजेड कमी, गर्दी फार, आणि कागदावरची बारीक अक्षरं वाचत बसायला वेळ कोणाला? म्हणून तो प्रत्येक तबकडीच्या मध्यावर रंगीत पतंगी कागद चिकटवायचा. हळदीच्या गाण्यांना पिवळा, वरातीला लाल, आखाजीला हिरवा. रंग बघायचा आणि तबकडी उचलायची. एकदाही चुकायचा नाही.

मला त्याने हिरवा कागद लावला. डिंकही चांगला चोपडून लावला. तो बारीक तेहतीस कागदाखाली गेला आणि तिथेच राहिला. पुढचं तुमच्या लक्षात आलंच असेल. हाशमचा हिशेब सरळ होता. मोठी तबकडी तेहतीसवर, छोटी पंचेचाळीसवर. त्याने माझ्याकडे पाहिलं, मी छोटी होते, त्याने खटका पंचेचाळीसवर ढकलला.

भोंग्यातून जो आवाज निघाला तो वच्छलाबाईचा नव्हता. चाल पळत सुटलेली, ढोलकी पत्र्याच्या डब्यासारखी, आणि आवाज एखाद्या बारा वर्षांच्या पोरीसारखा बारीक. मी आतून ओरडत होते. पण माझं ओरडणंही सुईतूनच बाहेर पडणार, आणि तेही त्याच घाईत. कोणाला काय कळणार?

मंडप तिच्याच गावचा, आखाजीचा, आणि वच्छलाबाई तिथे हजर होती. कडेवर तिची तान्ही लेक लता. तिने डोक्यावरचा पदर सावरत भोंग्याकडे पाहिलं, बराच वेळ ऐकलं आणि म्हणाली, "हाशमभाऊ, हाऊ आवाज मना नही शे."

हा आवाज माझा नाही, म्हणे! सगळे हसले. हाशमही हसला. "अक्का, आपला आवाज आपल्याले कधीच आपला वाटत नही," तो म्हणाला. "बठ्ठासले तसंच वाटस."

आता यात खोटं काहीच नव्हतं. आपला आवाज यंत्रातून ऐकला की प्रत्येकाला तो परका वाटतो. त्यामुळे वच्छलाबाईलाही ते पटलं. लोक म्हणू लागले, मुंबईला जाऊन अक्काचा आवाज कसा कोकिळेसारखा झाला बघा. तीही लाजून हसली. खरं बोलणारी एकटी ती, आणि तिलाच गप्प बसवलं गेलं. त्या दिवसापासून मी संशयी झाले मित्रांनो, आणि मला त्याची लाज वाटत नाही. दुधाने तोंड पोळलं की ताकही फुंकूनच प्यावं.

त्याच वर्षी तापाने वच्छलाबाई गेली. लता इतकी लहान होती की आईचा चेहरासुद्धा तिला आठवत नाही. बापाने दुसरा संसार मांडला, आणि लताला शिरपूरला लांबच्या नात्यातल्या एका आत्याकडे ठेवलं. त्या घरात वच्छलाबाईचं गाणं कोणी ऐकलेलं नव्हतं. गावातल्या ज्यांनी ऐकलं होतं, तेही हळूहळू भोंग्याचाच आवाज खरा धरून बसले. रोज जे कानावर पडतं तेच माणसाच्या डोक्यात राहतं, ही माणसांची मोठी खोड आहे.

लता दर आखाजीला गावी यायची. हाशम तिच्यासाठी मुद्दाम पेटी घेऊन यायचा, भोंगा चढवायचा आणि सगळ्यांच्या आधी मला लावायचा. "ऐक बेटी, तुनी माय," असं म्हणून बाजूला होऊन उभा राहायचा. परकरी पोर भोंग्याखाली मांडी घालून बसायची आणि वर बघत ऐकायची.

"दारमा उभी माय, लेकनी वाट देखे."

आईची एवढीच ओळख तिला होती. फोटो नाही, लुगडं नाही, मांडीची आठवण नाही. फक्त हा बारीक, पळणारा आवाज. आणि तो खोटा. ती तोंड उघडं टाकून ऐकत असे तेव्हा माझ्या खाचांना कापरं भरत असे. पण सांगणार कोणाला?

त्यातून आणखी एक गोष्ट झाली. लता मोठी होऊ लागली तसा तिचा आवाज खाली उतरला. भारी झाला. शाळेत प्रार्थनेला बाई तिला मागच्या रांगेत उभं करायच्या. आत्याच्या घरच्या पोरी चिडवायच्या, "माय कोकिळा नि लेक भोंगा." चिडवणं ते चिडवणंच, त्यात पोरींचा दोष नाही. पण लताने ते मनात धरलं. आईसारखा गळा आपल्याला मिळाला नाही, आपण आईची लेक शोभत नाही, असं तिने ठरवून टाकलं. झोक्यावर बसायची, पण ओठ मिटून. पुढे ती जळगावला सासरी गेली, तिला मोनाली नावाची मुलगी झाली, आणि त्या मुलीला झोपवतानासुद्धा तिने कधी गाणं म्हटलं नाही. हे मला नंतर तिच्याच तोंडून कळलं.

मग कॅसेटी आल्या. माझी गरज संपली. घर फिरलं की घराचे वासेही फिरतात म्हणतात, तसं झालं. कालपर्यंत फडक्यात गुंडाळून नेणारे हात आता माझ्याकडे ढुंकून बघेनात. पेटी माळ्यावर गेली. उंदरांनी माझं पाकीट कुरतडलं. उन्हाळ्यात पत्रा इतका तापायचा की माझी एक मोठी बहीण वाकून पापडासारखी झाली. भंगारवाला दर महिन्याला गल्लीतून ओरडत जायचा आणि दर महिन्याला मला वाटायचं, आज आपला नंबर.

हाशम वारला तेव्हा तर मी आशाच सोडली. पण त्याची बायको हसीनाबी पेटीला हात लावू देईना. "त्यांच्या हातची चीज आहे," म्हणायची. मला तिचाही संशय यायचा. पेटीवर ती गोधड्या रचायची. मला वाटायचं, गोधड्यांसाठीच ठेवली असेल. एवढं मात्र खरं की तिने मला कधी ऐकलंच नव्हतं. ही मंडळी दोंडाईच्यात राहत, आणि हाशम घरी आला की पेटी उघडत नसे. दिवसभर भोंग्याखाली उभ्या राहिलेल्या माणसाला घरात शांतता लागते. पण मी यायच्या आधी, नवी नवरी असताना, हसीनाबी आखाजीला वच्छलाबाईच्या गावी जाऊन झोक्यापाशी बसत असे; पुढे लेकराबाळांत ते जाणं सुटलं. तिला माहीत होती ती जिवंत वच्छलाबाई, भोंग्यातली नाही.

आता ज्याच्यासाठी एवढं सांगितलं, तिकडे येते.

हाशमचा नातू हसनैन. तो दोंडाईच्यातच लग्नांना साऊंड लावतो, आणि घरात त्याचा कम्प्युटर आहे. एक दिवस त्याने माळ्यावरची पेटी खाली काढली. नवीन यंत्र आणलं, त्याच्या मागून एक वायर काढली आणि ती कम्प्युटरला जोडली. आजोबांच्या सगळ्या तबकड्या तो कम्प्युटरमध्ये भरणार होता.

भरणार, हा त्याचा शब्द. मला तो उपसणार वाटला. विहीर उपसल्यावर तिच्याकडे कोण फिरकतं? गाणं एकदा त्या काळ्या डब्यात गेलं की आमचं काय काम? गरज सरो, वैद्य मरो. मोठ्या बहिणी एकेक करून उचलल्या जात होत्या. फिरून आल्या की गप्प पडून राहायच्या. मी विचारायचे, दुखलं का? काही घेतलं का तुमचं? त्या म्हणायच्या, काही कळलंच नाही. आणि हेच तर मला खटकत होतं. चोरी झालेल्यालाही लगेच कुठे कळतं?

माझी पाळी आली. आधी आंघोळ. भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब पाण्यात, मऊ ब्रश, आणि खाचेच्या वळणाने हळूहळू हात. मधला कागद भिजू नये म्हणून तो जपत होता, पण पाणी कोणाचं ऐकतं? हिरव्या पतंगी कागदाची एक कड उचलली गेली. मी म्हटलं, लाडीगोडी पुरे, पुढचं बोल. त्याने मला यंत्रावर ठेवलं आणि सुई सोडली.

मोठ्या तबकड्या नुकत्याच झाल्या होत्या. यंत्राचा खटका तेहतीसवरच राहिला होता.

मित्रांनो, इतक्या वर्षांनी मी माझ्या चालीने फिरले. ते मी कसं सांगू? जन्मभर पळवलेल्या बैलाला कोणी पहिल्यांदा चालू दिलं तर त्याला जे वाटेल, तेच मला वाटलं. वच्छलाबाई माझ्यातून उठली आणि गाऊ लागली. तीच, भारी, खालची, सावकाश.

हसनैनने दचकून खटक्याकडे हात नेला. छोटी तबकडी पंचेचाळीसवर, हे त्याला आजोबांनी शिकवलं होतं. पण हात मध्येच थांबला. ढोलकी ढोलकीसारखी वाजत होती. तो ऐकत राहिला. समोरच्या पडद्यावर माझ्या आवाजाचे निळे डोंगर उमटत पुढे सरकत होते. एक बाजू संपल्यावर त्याने मला उचललं, उचललेली कड बोटाने हळूच सोलली, आणि ओला हिरवा कागद निघून आला. खालचं नाव त्याने वाचलं. त्याखालचा आकडा वाचला.

तरी त्याने मला पंचेचाळीसवरही फिरवलं आणि तोही आवाज कम्प्युटरमध्ये ठेवला. का, ते मला तेव्हा कळलं नाही. मला वाटलं, दोनदा लुटतोय.

लताबाईचा फोन त्याला आधीच येऊन गेला होता. मोनालीचं लग्न झालं होतं आणि तिची ही पहिली आखाजी. पहिल्या आखाजीला माहेरी आलेल्या लेकीला आईने झोक्यावर बसवून गाणं म्हणायचं असतं. लताबाईला गाता येत नव्हतं. निदान आजीचं गाणं तरी फोनमध्ये घेऊन लेकीला ऐकवावं, एवढ्यासाठी ती मोनालीला घेऊन जळगावहून सुरतच्या गाडीने दोंडाईच्याला आली.

दुपारची वेळ होती. बाहेर ऊन भाजत होतं, खिडकीतला कूलर घरघरत होता. हसीनाबी मागच्या दाराने शेजारी गेली होती. हसनैनने दोघींना पाणी दिलं, खुर्च्या पुढे सरकवल्या आणि म्हणाला, "मावशी, जरा सबुरीनं ऐका. आवाज वेगळा लागेल." आणि त्याने कम्प्युटरवरून खरा आवाज लावला.

लताबाई पुढे झुकून ऐकत होती. पहिली ओळ झाली, दुसरी झाली. तिचा चेहरा बदलला. ती मागे सरकली.

"हाई मनी माय नही," ती म्हणाली.

हसनैनने समजावलं. माझ्यावरचा आकडा दाखवला, आजोबांची चूक सांगितली. मोनालीने मला हातात घेऊन उलटसुलट केलं. तिच्या नजरेत माझ्यासारखाच संशय होता, म्हणून ती मला जरा आवडली. "आई, आजकाल कम्प्युटर कोणाचाही आवाज बनवतो," ती म्हणाली. "बाईचा पुरुष करतात, पुरुषाची बाई करतात. यांनी मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही. पण यंत्रानं काहीतरी केलंच असेल."

"यंत्रानं काही केलं नाही ताई. यंत्र पहिल्यांदाच नीट फिरलं."

"मग इतकी वर्षं सगळं गाव काय खोटं ऐकत होतं?"

हसनैनने दुसरा आवाज लावला. पंचेचाळीसवरचा. तो बारीक, पळता आवाज खोलीत आला मात्र, लताबाईचे डोळे भरून आले. "हाई शे मनी माय," ती म्हणाली. "हीच."

मला तिचा राग आला, आणि तिची कीवही आली. आकडा समोर छापलेला होता, पण छापलेल्या आकड्यासाठी कोणी आपली आई सोडून देतं का? तिच्याजवळ आई म्हणून एवढीच वस्तू होती. ती काढून घेऊन हे लोक एका अनोळखी बाईला आई म्हण म्हणत होते. ती दुसऱ्यांदा पोरकी होत होती, आणि ते करत होते मी. माझं खरं बाहेर आलं याचा मला आनंद व्हायला हवा होता. पण मला वाटलं, तो कागद चिकटलेलाच राहिला असता तर बरं झालं असतं.

हसनैनने आवाज बंद केला. मला पुसून टेबलावर ठेवलं. यंत्राची सुई उचललेली होती, कम्प्युटर गप्प होता. हे नीट ध्यानात ठेवा.

"तुले माहीत नही भाऊ," लताबाई त्याला म्हणाली. ती रागावली नव्हती, समजावत होती. "मनी माय कशी म्हने, मी तुले सांगस. मी लहानपणपासून ऐकेल शे."

आणि सांगता सांगता तिने गायला सुरुवात केली. माझी खात्री आहे, आपण गातोय हे तिच्या ध्यानातही आलं नसेल. तिने भोंग्यासारखी घाई केली, वरचा सूर धरायला गेली. पण गळा तिथवर पोचेना आणि पहिल्याच ओळीला दम संपला. ती थांबली, श्वास घेतला आणि पुन्हा सुरू केलं. या वेळी गळ्याला जिथून जमेल तिथून, आणि श्वासाला जमेल तसं.

"दारमा उभी माय, लेकनी वाट देखे."

मोनालीने मान वर केली. तिने जन्मात आईचं गाणं ऐकलेलं नव्हतं. हसनैनचा हात कीबोर्डवरच राहिला. लताबाई पुढची ओळ म्हणत होती, मग तिसरी. तिसऱ्या ओळीनंतर दोघं आपल्याकडे बघताहेत हे तिला दिसलं आणि ती संकोचून गप्प झाली.

मागच्या दाराचा आवाज आला. हसीनाबी भिंतीला धरत आत येत होती. तिला आता फारसं दिसत नाही. दारातूनच ती नातवाला म्हणाली, "बीच में क्यूँ बंद किया बेटा? वच्छला अक्का का रिकार्ड पूरा बजने दे."

हसनैनने टेबलावर पडलेल्या माझ्याकडे पाहिलं.

"दादी, रिकार्ड नहीं बज रहा था," हसनैन म्हणाला.

"मी कानांनी ऐकलं," हसीनाबी म्हणाली. "अक्काला मी ओळखणार नाही का? माझ्या बाजूला झोक्यावर बसून म्हणायची ती." आणि मग तिला खोलीत आणखी कोणी आहे हे जाणवलं. "कोण आलंय?"

लताबाईने उठून तिचा हात धरला. "मी लता शे, खाला. वच्छलाबाईनी लता."

हसीनाबीने तिचा चेहरा दोन्ही हातांनी चाचपला. मग ती खुर्चीत बसली आणि म्हणाली, "मग तूच म्हणत होतीस."

लताबाई रडली, मित्रांनो. खूप रडली. आधी मला वाटलं, दुःखाने रडते आहे. मला सवयच तशी. पण ती रडता रडता हसनैनला म्हणाली, "तो पहिला लाव. तो भारीवाला." त्याने लावला. वच्छलाबाई गाऊ लागली आणि या खेपेला लताबाई मागे सरकली नाही. दुसऱ्या ओळीला तिने आपला आवाज त्यात सोडला. दोन आवाज कुठे वेगळे होतात ते मलाही कळेना, आणि त्यातला एक तर माझ्या पोटातून निघालेला होता. मोनाली आईच्या खांद्यावर डोकं ठेवून बसली होती. तिला आता आजीचं गाणं फोनवरून ऐकायची गरज राहिली नव्हती.

गाणं संपल्यावर हसनैन कम्प्युटरकडे वळला. पडद्यावर दोन नावं होती. "मावशी, हा पंचेचाळीसवाला चुकीचा आहे," तो म्हणाला. "काढून टाकतो. उगाच गोंधळ नको."

मी म्हटलं, काढ बाबा. जन्मभर त्याने मला खोटं पाडलं. मला त्याच्याविषयी तिळाइतकी माया नव्हती.

पण लताबाईने त्याचा हात धरला. "नको भाऊ, ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "इतला वरीस तिनीच माले मोठी करी. तिले कशी काढू मी?"

तेव्हा हसनैनने दोन्ही आवाज तिच्या फोनमध्ये घातले, आणि मला एका नव्या पाकिटात घालून तिच्या हातात दिलं. आता मी जळगावला तिच्या कपाटात असते, साड्यांच्या वर, उभी. आडवी ठेवली की तबकडी वाकते, हे हसनैनने तिला बजावून सांगितलं आहे. लताबाईकडे यंत्र नाही, त्यामुळे मी वाजत नाही. ही मंडळी मला कधी ना कधी विसरतील, हा संशय अजून माझ्या मनातून गेलेला नाही. बघू.

मित्रांनो, तुमच्याही घरात माळ्यावर एखादी काळी तबकडी असेल. तिची नक्कल कम्प्युटरमध्ये जरूर काढून घ्या, मी आता नको म्हणणार नाही. पण तिला भंगारात देऊ नका, तिच्यावर काही चिकटवलेलं असेल तर हलक्या हाताने सोडवून खालचं वाचा, आणि ती कोणत्या चालीची आहे ते आधी विचारा. आणि एखादा आवाज चुकीचा निघालाच, तर तो पुसायच्या आधी त्या आवाजाजवळ कोण वाढलं आहे, तेही विचारा.